वारा 'कुठून' आणि प्रवाह 'कुठे': सागरी अंदाजात एकच रीत हवी

खाडीकाठ
हवामानशास्त्रात वारा जिथून येतो ती त्याची दिशा. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. समुद्रविज्ञानात प्रवाह जिकडे जातो ती त्याची दिशा. दोन्ही मोजतात मात्र उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अंशांतच; २७० म्हणजे पश्चिम. कोकणातली पश्चिमेला तोंड असलेली खाडी घ्या. ओहोटीचं पाणी २७० अंश, वाराही २७० अंश. कागदावर दोघं एकाच वाटेने निघालेत असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी पश्चिमेला चाललंय आणि वारा पूर्वेला. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, खाडीच्या तोंडाशीच फुटतात. लहान होडीसाठी याहून वाईट वेळ नाही. म्हणून सागरी अंदाजात तरी सगळं 'कुठे चाललंय' असंच द्यावं.

वातकुक्कुट
अजिबात सहमत नाही. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७, म्हणजे एका टोकाकडून उतरताना विमानाचं तोंड ९० अंशांकडे, दुसऱ्याकडून २७० कडे. वारा २७० असला की २७ वापरायची, आकड्याला आकडा जुळतो. शिवाय वारा दमट की कोरडा, हे तो कुठून आला त्यावरच ठरतं. आपले कोळी ज्याला मतलई म्हणतात, तो जमिनीकडून येणाराच वारा. जहाजांच्या जुन्या नोंदीही याच रीतीच्या आहेत. त्या आता उलटवत बसायच्या?

खाडीकाठ
विमानतळाचा नियम समुद्रावर कशाला? तेल सांडलं तर तवंग प्रवाहाबरोबर जातो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वारा त्याला ढकलतो. ही बेरीज करताना दिशा उलटवण्यासाठी वाऱ्यात १८० अंश मिळवायचे राहिले, तर वाऱ्याचा वाटा उलट्या बाजूला मोजला जातो. पाण्यात पडलेला माणूस शोधतानाही तेच.

लाटमोजणी
संगणकाच्या प्रारूपात हा वाद नाहीच. तिथे वारा असो की पाणी, पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जाणारा वेग धन. खरी अडचण लाटांची. हवामान-समुद्राच्या विदा फाइलींत कशाला काय नाव द्यायचं हे ठरवणाऱ्या 'सीएफ' संकेतांत लाटांच्या दिशेसाठी 'कडून' आणि 'कडे' अशी दोन्ही नावं आहेत, म्हणजे फाइल उघडून नाव वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रीत बदलू नका, प्रत्येक आकड्याला 'कडून' किंवा 'कडे' जोडणं सक्तीचं करा.

वातकुक्कुट
याला पूर्ण पाठिंबा.

खाडीकाठ
छापील पत्रकात चालेल. पण वायरलेसवर आवाज तुटला की 'कडून'चं 'कडे' ऐकू येतं. तिथे अंश नकोतच. 'वारा पश्चिमेकडून, पाणी पश्चिमेला, समोरासमोर' असं पूर्ण वाक्य सांगा.