मदत हवी आहे: शंकूच्या आकाराची किटली रोजच्या वापराला चालते का?

थोरल्या बहिणीला भेट द्यायची आहे. ती वास्तुरचनाकार, त्यामुळे घरातली साधी वस्तूही 'हिची रेषा बघ' म्हणून तपासली जाते. इटालियन वास्तुरचनाकार आल्डो रॉस्सी तिचा लाडका. म्हणून त्याने 1986 मध्ये अलेसी या इटालियन कंपनीसाठी केलेली 'इल कोनिको' किटली डोक्यात आहे. शुद्ध शंकू, वर गोळा, बाजूला काटकोनात वळलेली मूठ. फोटोत तर इमारतच वाटते.

पण ताई ती कपाटात मांडून ठेवणार नाही, दिवसातून चार वेळा पाणी उकळणार. तिच्याकडे इंडक्शन आहे, आणि पाणी जड. म्हणून विचारते: निमुळत्या तोंडातून आतला क्षार कसा काढायचा? मूठ तापते का? शंकूत पाणी मावतं तरी किती? फोटो पाहून 'वा, सुंदर' म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, इथे वापरणाऱ्यांचं मत हवं आहे.

दुसरा पर्याय मायकेल ग्रेव्हजची 1985 ची, तोटीवर लाल पक्षी असलेली. तीही वास्तुरचनाकाराचीच. पण मला तो पक्षी जरा लाडिक वाटतो.

चहाटळ:
आधी इंडक्शनचं बघा, बाकी सगळं नंतर. अशा किटल्यांच्या 18/10 स्टीलला (18 टक्के क्रोमियम, 10 टक्के निकेल असलेलं न गंजणारं स्टील) लोहचुंबक जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे नुसत्या त्या स्टीलचं भांडं इंडक्शनवर तापत नाही. बुडाला चुंबकीय स्टीलचा थर हवा. एकाच किटलीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत इथेच फरक असू शकतो, तेव्हा जुनी वापरलेली घेत असाल तर लोहचुंबक लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. बूड रुंद असणं मात्र फायद्याचंच, लहान बुडाची भांडी काही शेगड्या ओळखत नाहीत.

आणि पक्ष्याला नावं ठेवू नका हो! पाणी उकळलं की तो शिट्टी घालतो, विसरभोळ्यांना तेवढाच आधार. ओतताना तो तोटीवरून काढावा लागतो, हे खरं.

काटकोन:
पाणी किती मावतं याचं उत्तर भूमितीतच आहे. पूर्ण शंकूच्या वरच्या अर्ध्या उंचीत एकूण घनफळाचा फक्त आठवा भाग असतो. म्हणजे निम्म्या उंचीपर्यंत पाणी आलं की किटली जवळजवळ भरलीच. डोळा फसतो, अजून पुष्कळ जागा आहे असं वाटतं. त्यात तोटीचं टोक ज्या उंचीवर, त्याच्या वर पाणी भरताच येत नाही, आणि काठोकाठ भरलं तर उकळताना तोटीतून उडतं. पाणी तळाशी जास्त असल्याने किटली सहसा कलंडत नाही, हा शंकूचा मोठा गुण.

मुठीचा त्रास गॅसवर जास्त. ज्योत बुडाबाहेर आली की गरम हवा सरळ वर जाते आणि भिंत आत झुकलेली असल्याने मूठ नेमकी तिच्या वाटेत येते. इंडक्शनवर ही भानगड नाही. तरी सगळी मूठ धातूची असेल तर कापड हाताशी ठेवा.

रॉस्सीने इटलीतल्या मोडेना शहराच्या दफनभूमीच्या आराखड्यातही शंकू काढला होता, तो बांधला गेला नाही. ताईंना हे ठाऊक असणारच, तुम्ही भेट देताना बोलू नका म्हणजे झालं.

उकळी:
क्षारासाठी हात आत घालायची गरजच नाही. पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून उकळा, अर्धा तास राहू द्या, ओतून दोनदा विसळा. थर जाड व्हायच्या आत करत राहायचं. घासणी मात्र आतबाहेर कुठेच लावू नका, आरशासारख्या स्टीलवर पडलेला ओरखडा पुन्हा जात नाही. रात्री पाणी आत ठेवू नये, झाकण उघडं ठेवून वाळू द्यावी.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. दफनभूमीचं वाचून हसू आवरेना, तरी शंकूच नक्की करते. पक्षी बाद, चहाटळ यांनी रागावू नये. आता एकच: काटकोनी मुठीने भरलेली किटली ओतताना मनगटावर ताण येतो का? ताईचं उजवं मनगट दुखरं आहे. कुणी रोज वापरत असेल तर कृपया सांगा.