ऑनलाइन क्लासच्या अटी ‘मान्य’ केल्या, आता म्हणतात वाद असेल तर दिल्लीला या

आठवीची_आई, जुळे सोलापूर
नमस्कार. मुलीसाठी जूनमध्ये एक ऑनलाइन क्लास घेतला. फोनवरचा माणूस म्हणाला, वर्षाचे 42 हजार, महिन्याला हप्ता, पटलं नाही तर कधीही बंद करा. त्यानं लिंक पाठवली. ‘अटी मान्य’समोर टिक आधीच होती, ओटीपी टाकला की झालं. मुलगी सेमी इंग्लिशची, शिकवणं सगळं हिंदीत, आणि शंका विचारायचा तास सारखा रद्द. बंद करा म्हटलं तर ईमेल आला: 7 दिवसांनंतर पैसे परत नाहीत, आणि तक्रार असेल तर लवादाकडं (म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचाकडं), तोही दिल्लीत. बँकेच्या मेसेजवरून कळलं की हप्ता म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, दर महिन्याला ही रक्कम जाणं झेपत नाही ओ. आम्ही आता बांधलेच गेलो का? सांगा की कुणीतरी.

नवी_पेठ_व्यापारी
ताई, ओटीपी दिला म्हणजे सही केल्यासारखंच. ऑनलाइन करार कायद्यानं चालतो. 42 हजारासाठी ग्राहक आयोगाच्या चकरा कोण मारणार?

निवृत्त_कारकून_सोलापूर
ऑनलाइन करार चालतो, हे खरं. पण करार झाला म्हणजे त्यातली प्रत्येक ओळ चालते असं नाही, आणि लोक इथंच घाबरून गप्प बसतात. मी निवृत्तीनंतर ग्राहकांना तक्रारी लिहून द्यायला मदत करतो. ‘तुम्ही मान्य केलंय’ एवढं एक वाक्य ऐकून हक्काचे पैसे सोडणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

ताई, आधी दिल्लीचं बघू. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 34: तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्या सोलापुरात. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. व्यापारीसाहेब, चकरांचा प्रश्न म्हणाल तर सुनावणी व्हिडिओवर घेण्याची तरतूदही कायद्यात आहे.

ती आधीच केलेली टिक फार महत्त्वाची. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची संमती त्यानं स्वतः कृती करून द्यायला हवी, आधीच टिक मारून ठेवलेला चौकोन चालत नाही. ती लिंक अजून उघडत असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या.

आता एक गोष्ट नीट वाचा, इथं चांगले चांगले चुकतात. ‘हा करार अन्यायकारक आहे, ही अट रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. अन्यायकारक कराराची अट रद्द ठरवायचा अधिकार राज्य आयोग आणि त्याच्या वरच्यांना आहे, जिल्ह्याला नाही. तुम्ही लिहा ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’: सांगितलं एक, दिलं दुसरं, तास रद्द, पैसे अडवले. ते जिल्ह्याच्या कक्षेत येतं. शिक्षण म्हणजे सेवा नव्हे असं उत्तर कंपनीवाले देतील, पण कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतात असं राष्ट्रीय आयोगानं 2020 मध्ये म्हटलंय.

त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, असा नियम आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

आठवीची_आई, जुळे सोलापूर
काका, खूप धीर आला. पण हप्ता थांबवू का? आणि फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र त्यानं ‘कधीही बंद करता येईल मॅडम’ असं लिहिलंय.

निवृत्त_कारकून_सोलापूर
हप्ता एकदम थांबवू नका. तुमच्या यजमानांच्या नावावर थकबाकी लागली तर उद्या घराचं कर्ज अडेल. फायनान्स कंपनीकडून कर्जाचं मुख्य तथ्य पत्रक (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागून घ्या. मुद्दल आणि तोवरचं व्याज भरून कर्जातून बाहेर पडायची मुदत त्यात लिहिलेली असते. ती तुम्हाला कुणी सांगितली होती का, हेही तक्रारीत लिहा. फायनान्स कंपनीलाही तक्रारीत सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे हप्त्याबद्दल अंतरिम (निकालापर्यंतचा) आदेश मागता येतो.

आणि ते व्हॉट्सअॅप म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. चॅट पुसू नका, फोन विकू नका. नंबर आणि तारीख दिसेल अशी प्रिंट काढा, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चा (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचा) दाखला जोडलेला बरा. तक्रार करायची मुदत 2 वर्षांची आहे, पण रद्द झालेल्या तासांचे मेसेज आत्ताच गोळा करा. मसुदा झाला की नाव-नंबर खोडून इथं टाका, मी ओळीओळीनं बघून देतो.