मिठाईच्या कामात डोक्याला कोणती जाळी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): घरगुती संत्रा बर्फीचं काम आहे. चार बायका लांब केसांच्या, दोन पोरं बारीक केसांची. सध्या नायलॉनची काळी जाळी वापरतो. मे महिन्यात कढईपाशी घाम आला की ती मागं सरकते, आणि ट्रेमध्ये बारीक केस सापडून राहिले. कोणती घ्यावी?

उत्तर (इतवारी): जाळीची छिद्रं मोठी असतात. लांब केस धरते, पण तुटलेले, आखूड केस त्यातून खाली पडतात. नॉन-वोव्हनची (न विणलेल्या, कागदासारख्या पातळ कापडाची) टोपी घ्या, शंभरच्या पाकिटात मिळते. बायकांसाठी 21 इंची, पोरांसाठी 18 चालते. गरम होते हे खरं. म्हणून भिजली की लगेच बदला, माणशी दोन धरूनच चाला. भिजलेलं इलास्टिक घसरतंच.

बांधणीही बघा. अंबाडा डोक्यावर उंच असला की टोपी वर ओढली जाते आणि कपाळावरचे केस उघडे पडतात. तो मानेलगत बांधा, टोपीचं इलास्टिक त्याच्या खाली न्या, दोन्ही कान आत घ्या. आधी केस विंचरून टोपी, मग एप्रन, शेवटी हात धुणं. एप्रन आधी घातला तर खांद्यावर पडलेले केस तसेच कढईपाशी जातात.

उत्तर (महाल): टोपीला वरून पिना लावू नका. कापड फाटतं आणि पिन पाकात पडायची भीती. केस साध्या रबराने बांधा. टिकली, गजरा, कानातले काढूनच आत या. रंग निळाच घ्या: तुकडा पडला तर खव्यात पांढरा दिसत नाही, निळा दिसतो. पोरांना दाढी असेल तर दाढीची जाळी वेगळी लागते. डोकं झाकणं एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2011 च्या नियमांतल्या परिशिष्ट 4 मध्येही आहे. वापरलेली टोपी धुऊन परत घालू नका, इलास्टिक ढिलं पडतं.

उत्तर (बर्डी): त्या काळ्या जाळ्या फेकू नका, लग्नात अंबाड्याला कामी येतील. मात्र अंबाड्यासाठी केसांच्या रंगाचीच घ्या. शेपटी पिळून गुंडाळा, जाळी पूर्ण चढवा, उरलेल्या भागाला एक पीळ देऊन दुसऱ्यांदा चढवा. मग चार-पाच यू पिना अशा खोचा की अंबाड्याचे आणि डोक्याचे, दोन्हीकडचे केस पकडले जातील. नुसती जाळी पकडली तर अंबाडा लोंबतो. हातातल्या अंगठ्या आधी काढा, जाळी त्यांनीच फाटते. गजरा सगळ्यात शेवटी.