सीपीपीत मॉर्फिनची पसंती घटली, तर अर्क व्यसनावर उपयुक्त म्हणता येईल का?

द्रव्यगुण:
माइसवर (लहान उंदरांवर) मॉर्फिनची सीपीपी, म्हणजे स्थळ-पसंती चाचणी, लावायची आहे: पेटीची एक बाजू मॉर्फिनशी, दुसरी सलाइनशी जोडायची आणि नंतर प्राणी कुठे जास्त वेळ काढतो ते बघायचं. आखणी अशी: मॉर्फिन १० मिग्रॅ/किलो त्वचेखाली, आठ दिवस एकाआड एक मॉर्फिन आणि सलाइन. मॉर्फिनच्या प्रत्येक इंजेक्शनआधी अर्धा तास एका वनस्पतीच्या पानांचा मेथनॉल अर्क तोंडावाटे, १००, २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो. नवव्या दिवशी औषधाविना चाचणी. पसंती कमी दिसली तर निष्कर्ष काढायला एवढं पुरेल का? आणखी कोणते गट हवेत?

प्रयोगवही:
नाही पुरणार. मुख्य अडचण अर्क कधी देता याची आहे. मॉर्फिनआधी दरवेळी अर्क दिला की फक्त पसंती जडण्यावरचा परिणाम कळतो. उपचाराला येणाऱ्या माणसाला तर व्यसन आधीच जडलेलं असतं. म्हणून निदान एका संचात फक्त मॉर्फिनवर पसंती जडवा आणि अर्क चाचणीच्या दिवशीच द्या. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही बाजूंना सलाइन देऊन पसंती विझू द्या आणि मग मॉर्फिनचा छोटा डोस दिल्यावर ती परत उसळते का ते बघा. व्यसनात पुन्हा घसरण्याच्या सर्वांत जवळचं हेच.

तुमच्या आखणीत आणखी एक खोट आहे. स्मरणशक्ती बिघडवणारं कोणतंही द्रव्य, उदा. स्कोपोलॅमिन, पसंती घटवून दाखवतं. शिवाय शिकताना अर्क अंगात होता आणि चाचणीला नव्हता, एवढ्यानेही प्राण्याला ती जागा नीट आठवत नाही.

गट: वाहक (अर्क ज्यात मिसळतो तो नुसता द्रव)+सलाइन, वाहक+मॉर्फिन, अर्क+मॉर्फिन आणि अर्क+सलाइन. शेवटचा गट लोक हटकून गाळतात. अर्काने नुसती मळमळ होत असेल तर ती बाजू प्राणी टाळतो, आणि कागदावर ते 'पसंती घटली' असंच उमटतं. अन्नावर जडवलेल्या पसंतीचा वेगळा संच लावा. तीही तेवढीच घटली तर परिणाम मॉर्फिनपुरता नाही. चाचणीच्या पेटीतच हालचाल मोजा आणि त्याच डोसवर रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची चाचणी) करून घ्या.

पूर्वचाचणीत एकाच बाजूला दोन तृतीयांशापेक्षा जास्त वेळ काढणारे प्राणी वगळा. मॉर्फिनची बाजू अर्ध्या प्राण्यांत डावी, अर्ध्यांत उजवी ठेवा. नळीने पाजण्याचा ताण स्वतःच पसंती हलवतो, म्हणून आधी तीन-चार दिवस नुसता वाहक पाजून सवय लावा. मेथनॉल पूर्ण उडवा, अर्क ०.५% सीएमसीत (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात) मिसळा, १० मिली/किलोच्या वर पाजू नका.

अल्कलॉइड:
सीपीपीत औषध तुम्ही देता, प्राणी ते मागत नाही. मागणी मोजायची तर रॅटमध्ये (मोठ्या उंदरात) स्व-सेवन हवं, म्हणजे प्राणी कळ दाबून स्वतःच शिरेतून औषध घेतो: मानेच्या शिरेत कॅथेटर, आठवडाभर भरून येऊ द्यायचं, रोज हेपरिन-सलाइनने धुवायचं. कॅथेटर गळायला लागला की प्राणी आधी जास्त दाबतो, मग सोडून देतो, आणि ते औषधाचं यश वाटतं. म्हणून अधूनमधून अल्पजीवी भूल शिरेतून देऊन तपासा. काही सेकंदांत प्राणी सैल पडला नाही तर त्याची आकडेवारी बाद.

दर दाबाला एक डोस या वेळापत्रकात इंजेक्शनं कमी होणं दुहेरी अर्थाचं असतं. कोकेनचा डोस वाढवला तरी इंजेक्शनं कमीच होतात, कारण थोडक्यात भागतं. म्हणजे कोकेनची धार वाढवणारं द्रव्यही इथे 'उपचार' ठरेल. प्रत्येक डोससाठी जास्त दाब मागणारं चढतं वेळापत्रक लावा आणि प्राणी कुठे हार मानतो ते बघा.

नियंत्रणाचं मोल आयबोगेनच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं. इबोगा झुडपाच्या मुळांच्या सालीतलं हे द्रव्य ४० मिग्रॅ/किलोला रॅटचं मॉर्फिन आणि कोकेनचं सेवन घटवतं, पण सुरुवातीला पाण्यासाठीचे दाबही घटतात आणि अंग थरथरतं. १०० मिग्रॅ/किलोला लघुमेंदूतल्या पुर्किंजे पेशी मरतात. त्यावरून रचलेलं १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडिन ४० मिग्रॅ/किलोला मॉर्फिन-कोकेन घटवतं, पाण्याला हात लावत नाही. हा फरक पाण्याचा गट होता म्हणूनच कळला.

आणि हृदय विसरू नका. आयबोगेन हृदयपेशींतली हर्ग पोटॅशियम वाहिनी अडवतं, माणसात ईसीजीवरचा क्यूटी कालावधी लांबतो, मृत्यूही झाले आहेत. प्रौढ रॅट आणि माऊसचं हृदय या वाहिनीवर फारसं विसंबत नाही, त्यामुळे तिथे धोका दिसतच नाही. वाहिनीची पेशींवरची चाचणी आणि गिनीपिग हवेत.

द्रव्यगुण:
आभार. ४०० मिग्रॅ/किलो फार होतो का? आणि अर्क मॉर्फिनच्या चयापचयातच ढवळाढवळ करत असेल तर?

प्रयोगवही:
माणसाचा समतुल्य डोस काढायला माऊसचा डोस गुणिले ३/३७ करा (शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेले गुणांक): सुमारे ३२ मिग्रॅ/किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क. पानांच्या वजनाच्या १०% अर्क निघत असेल तर रोज २० ग्रॅम कोरडी पानं. त्यामुळे वरचा डोस २०० ठेवा, खाली ५० घाला.

चयापचयासाठी वेगळ्या प्राण्यांत, अर्कासह आणि अर्काविना, मॉर्फिननंतर ३० आणि ६० मिनिटांनी रक्तातली पातळी मोजा. त्याच वेळांना शेपटी-झटका चाचणीही (उष्णतेने शेपटी झटकायला किती वेळ लागतो) घ्या. वेदनाशमनही घटलं आणि पातळीही खाली गेली, तर अर्क मॉर्फिन लवकर बाहेर काढतोय. पातळी तीच आणि शमन घटलं, तर मॉर्फिन ज्यावर काम करतं तो म्यू रिसेप्टर अडवला जात असावा. तसं असेल तर तुलनेला नालट्रेक्सोनचा (हाच रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाचा) गट घ्या. दोन्ही जसंच्या तसं राहून फक्त पसंती घटली, तरच अर्काचे घटक वेगळे काढण्याच्या कामाला लागा.