बाबू हरदास तुमच्या घरात कसे पोचले?

१२ जानेवारी जवळ आली. १९३९ साली याच तारखेला नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. गेले, वय अवघं पस्तीस. 'जयभीम' रुजवणारे म्हणून त्यांचं नाव कानावर असतं. पण बिडी कामगारांची संघटना बांधणारा हा माणूस १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेला होता, हे किती घरांत बोललं जातं? भाषणं नकोत. घरातलं काही असेल तर लिहा.

कन्हानकाठ: आजी कामठीत बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी भिजवलेला तेंदूपत्ता, कापायला पत्र्याचा साचा. मजुरी दर हजार बिड्यांमागे. पण ठेकेदाराचा माणूस कट्टे उलगडून 'कच्च्या' म्हणत मूठभर बिड्या बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही नाहीत! आजी पुटपुटायची, "बाबू असते त याले इचारलं असतं, कच्च्या हायेत त नेतं कायले?" गंमत म्हणजे आजीचा जन्मच बाबू गेल्यानंतरचा. हे वाक्य तिच्या आईचं असणार. आमच्याकडे बाबू फोटोतून नाही, असे भांडणातून आले.

बर्डीकर: आजोबांना कोणी जयभीम केला की ते उत्तर द्यायचे, "बलभीम!" आम्ही पोरं हसायचो, म्हटलं वय झालं. मग एका जुन्या कार्यकर्त्यानं सांगितलं, सलामला जसं उलट उत्तर असतं तसं जयभीमला बलभीम, अशी बाबूंची मूळ कल्पना होती म्हणे. तोवर आजोबा गेले होते. एकदा तरी बरोबर उत्तर द्यायचं राहिलं.

दोन खिळे: आमच्या शाळेत १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद. मी घरून तिसरा फोटो नेला. सरांनी विचारलं, हे कोण? सर कामठीचेच. भिंतीला खिळे दोनच, म्हणून फोटो टेबलावर ठेवला. हार मात्र मिळाला.

टेबलामागून: मी सरकारी कचेरीत आहे. समोरचा माणूस आधी इकडेतिकडे बघतो, मग हळूच म्हणतो, "जयभीम साहेब." सुरुवातीची दोन वर्षं मीही हळूच उत्तर द्यायचो, त्याची लाज वाटते. आता मोठ्यानं देतो. फाईल मात्र नंबरानंच सरकते. त्यावरून दोन नातेवाईक बोलेनासे झालेत.