मदत हवी आहे: ओम्नी कुंभार्ली घाटात पेट्रोलवर मरते, गॅसवर चढते

रविवारची_भाजी:
नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची ओम्नी, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. एलपीजी किट नंतर बसवलेलं, आरसीवर चढवलेलं. आमची चिपळूणला छोटी खानावळ आहे. दर रविवारी भाजी आणायला कराडला जातो, म्हणजे कुंभार्ली चुकत नाही.

गेले तीन महिने एकच रड. पोफळीपर्यंत गाडी मस्त. घाट लागला की चार-पाच किलोमीटरवर गचके खायला लागते, रेस दाबली तर आणखीनच मरगळते आणि शेवटी बंद. बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलो की चालू होते. पुढच्या दोन वळणांनंतर पुन्हा तेच. सपाटीवर, गावात काहीही त्रास नाही. गॅसवर टाकली तर तोच घाट कुरकुर न करता चढते. पण गॅस भरायला फार लांब जावं लागतं, म्हणून मी जास्त करून पेट्रोलवरच चालवतो.

आतापर्यंत प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलून झाले. कार्बोरेटर तीनदा साफ केला. मेस्त्री आता "इंजिन खोलूया" म्हणतोय. खोलू का?

जुना_पाना:
थांबा, इंजिनला हात लावू देऊ नका. गॅसवर घाट चढते म्हणताय ना, मग प्लग, कॉइल, टायमिंग, कॉम्प्रेशन, क्लच, सायलेन्सर सगळं ठीक आहे. गॅस आणि पेट्रोल दोघांनाही ते एकच लागतं. दोष टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या पेट्रोलच्या वाटेवर आहे. मेस्त्रीला हे सांगा. तरीही तो खोलूयाच म्हणाला तर मेस्त्री बदला.

आधी फुकटातली परीक्षा. पुढच्या वेळी गचके सुरू झाले की टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाज झाला आणि गाडी सुधारली तर टाकीची हवेची वाट तुंबली आहे.

घरचा_मेकॅनिक:
हे सगळं इथेनॉलचं पाप आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून यायला लागलं, तेव्हापासून कार्बोरेटरवाल्या गाड्यांची हीच बोंब.

जुना_पाना:
@घरचा_मेकॅनिक, अर्धं मान्य. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यात आपल्या कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे, ते स्वतःहून जास्त इंधन सोडत नाहीत. त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि पिकअप थोडा मंदावतो. पण तसं असतं तर गाडी कायमच मंद वाटली असती. इथे चार किलोमीटर नीट चढते आणि मग मरते. जुने रबरी पाइप मात्र इथेनॉलने फुगतात, आतून सोलतात, हे खरं. टाकी ते पंप हा पाइप मऊ पडला असेल तर ओढीने आतल्या आत चपटाही होतो. इथेनॉलला चालणारे नवे पाइप टाकून घ्याच, फार खर्च नाही.

रविवारची_भाजी:
झाकण उघडून पाहिलं. फुस्स नाही, फरकही नाही. पाइप सगळे बदलले, तरी दुखणं तसंच.

एक गंमत सांगायची राहिली. एरवी पेट्रोलवरून गॅसवर जाताना स्विच थोडा वेळ मधे ठेवावा लागतो, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत. नाहीतर दोन्ही एकदम जाऊन गाडी गुदमरते. पण घाटात गचके खात असताना थेट गॅसवर टाकली तर एका क्षणात उचलते.

जुना_पाना:
दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! थेट उचलते कारण कार्बोरेटरचं भांडं तेव्हा आधीच कोरडं असतं. घाटात पेट्रोल खपतं भराभर आणि मागून येतं कमी.

आता एकच सांगा. बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारत राहिलात तर चालू होते का?

रविवारची_भाजी:
नाही. एकदा बॅटरी उतरेपर्यंत मारला. थांबावंच लागतं.

जुना_पाना:
मग नुसता कचरा अडकलेला नाही. ओम्नीचा पंप इंजिनच्या जोरावर चालतो, म्हणजे सेल्फ मारला की तोही पेट्रोल ढकलतो. नुसती वाट अरुंद असती तर सेल्फ मारून थोडं भरलं असतं आणि गाडी जागी झाली असती. थांबल्यावरच चालते म्हणजे काहीतरी थंड व्हावं लागतंय. माझे संशयित दोन.

पहिला, पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होणे. इंजिन आपल्या बुडाखालीच, चढणीला वारा कमी. पंपाला तिसरी नळी असेल तर ती टाकीकडे परत जाते, ती मोकळी आहे का बघा.

दुसरा, आणि माझा पैसा याच्यावर: किटवाल्याने पंप आणि कार्बोरेटरच्या मधे बसवलेला पेट्रोलचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. स्विच पेट्रोलवर असताना विजेने उघडा राहतो. जुनी कॉइल तापली की ओढ कमी होते आणि दार मिटतं. अर्थिंगची वायर गंजली असेल तर आणखी लवकर. कार्बोरेटर तीनदा साफ केलात, हा एकदा तरी कोणी खोलला का?

बऱ्याच सोलेनॉइडला खाली हाताने उघडायची छोटी चावी असते. ती उघडी ठेवून, फक्त पेट्रोलवर घाट चढा. वाफेच्या संशयासाठी पंप थंड ठेवायला ओलं फडकं ठेवतात, ते त्याच फेरीत ठेवू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. चावी उघडी असताना गॅसवर अजिबात टाकायचं नाही. आणि कोणी "सीटवर पेट्रोलची बाटली ठेवून पाइप जोडून बघू" म्हणालं तर त्याला हाकलून द्या. खाली तापलेलं इंजिन, मागे गॅसची टाकी!

रविवारची_भाजी:
आज जाऊन आलो. चावी होती, चिखलाने बुजलेली. उघडून निघालो आणि पोफळी ते हेळवाक एकदाही थांबलो नाही. मागे माणसं होती, तरी. येताना भाजीचं वजनही होतं.

दुपारी थंड इंजिनवर सोलेनॉइड काढला. आतली जाळी तांबड्या गाळाने भरलेली. अर्थची वायर तर हातातच आली. बायको म्हणाली, तीन महिने ज्याला त्याला पैसे वाटलेस ते या वायरीपायी का.

आता नवा सोलेनॉइड घेतोय. बसवायची जागा बदलू का? सध्या इंजिनला अगदी खेटून आहे.

जुना_पाना:
बदला. पाइप पुरेल तेवढा लांब, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, क्लिपा नव्या. अर्थ थेट बॉडीला, रंग खरवडून. स्विच पेट्रोलवर ठेवून गाडीची चावी फिरवताना सोलेनॉइडचा "टक" आवाज येतोय का ऐका. आणि तो तांबडा गाळ टाकीतूनच आलाय, तेव्हा टाकी उतरवून धुवून घ्या, नाहीतर नवी जाळीही तशीच भरेल. गॅसची पाइपलाइन मात्र किटवाल्याकडूनच तपासून घ्या, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

घरचा_मेकॅनिक:
गाळ इथेनॉलनेच सुटला असणार, मी काय म्हणत होतो!

रविवारची_भाजी:
@घरचा_मेकॅनिक, टाकी धुताना बोलावतो, या. जेवण माझ्याकडे.