नोकरी सांभाळून बी.एड. आणि एम.ए. : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

बी.एड.च्या सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुटले की तेच ते प्रश्न पुन्हा फिरू लागतात, म्हणून हा धागा. आपल्या कष्टांची कहाणी नको. टक्के, दिवस, कागद आणि कुठे अडतं एवढंच लिहा. कॉलेजांची नावं घेऊन उणीदुणी काढू नका.

कृष्णाकाठ

आधी आपण कुठल्या दारातून आत जाऊ शकतो ते पाहा. नियमित बी.एड.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते : १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्तेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभियोग्यतेचे ३०. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के, राज्यातल्या राखीव गटांसाठी ४५.

दूरस्थ बी.एड. मात्र कुणालाही करता येत नाही. 'बँकेत आहे, मुक्त विद्यापीठातून करून टाकतो' असं म्हणणाऱ्यांची निराशा इथेच होते. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) असो की नाशिकचं मुक्त विद्यापीठ, एनसीटीईचा (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा) नियम एकच : डी.एड. झालेले सेवेतले प्राथमिक शिक्षक, किंवा ज्यांनी एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम वर्गात बसून पूर्ण केला आहे ते. बाकीच्यांना नियमितच करावं लागतं, आणि तेही २०१५ पासून दोन वर्षांचं.

मिरज जंक्शन

नियमितचा हिशोब मांडतो. वर्षाला कामाचे किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, ९० टक्के. पहिल्या वर्षी चार आठवडे शाळेत जायचं. तेवढी रजा कशीबशी जमते. दुसऱ्या वर्षीचे १६ आठवडे नोकरदाराचा घाम काढतात. शाळा सहा दिवसांची धरली तर ९६ दिवस, म्हणजे गैरहजेरीला जेमतेम नऊ. त्यात ऑडिट किंवा मार्चअखेर आली की संपलं. बिनपगारी रजेचं पत्र पहिल्याच वर्षी साहेबांपुढे ठेवा. आंतरवासितेचं वेळापत्रक लागल्यावर मागितलेली चार महिन्यांची रजा कुणी देत नाही.

'हजेरीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. एकाच तारखेला दोन मस्टरवर सही सापडली तर पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. अभ्यासक्रम जास्तीत जास्त तीन वर्षांत पुरा करता येतो, तेव्हा गरज पडली तर एक वर्ष लांबवा, पण खोटी सही नको.

फलक-खडू

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. रजा मिळूनही लोक मागे पडतात ते टाचणांत, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांत.

सूक्ष्म अध्यापनाचं (एका वेळी एकाच कौशल्याचा छोटा सराव पाठ) एक चक्र ३६ मिनिटांचं : अध्यापन ६, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुनराध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. आधीच शिकवत असलेले शिक्षक यात जास्त अडखळतात. पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय असते, त्यामुळे सहा मिनिटांत ते प्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, गृहपाठ सगळंच कोंबतात. निरीक्षकाच्या तक्त्यावर मात्र एकच कौशल्य असतं. प्रश्न कौशल्याचा पाठ असेल तर नुसते प्रश्न विचारा, त्या दिवशी फळा सुंदर दिसला नाही तरी चालेल.

टाचणात उद्दिष्ट आणि स्पष्टीकरण यांची गल्लत नेहमीची. 'विद्यार्थ्याला बाष्पीभवन समजते' हे उद्दिष्ट झालं. 'विद्यार्थी बाष्पीभवनाची दोन उदाहरणे सांगतो' हे स्पष्टीकरण. दुसऱ्यात पाहता-मोजता येईल असं क्रियापद हवं. टाचण पाठाच्या आधी मार्गदर्शकांना दाखवून सही घ्यायची. पाठ झाल्यावर मागच्या तारखेची सही मागायला गेलात तर पाठ पुन्हा घ्यायला लावतात, आणि बरोबर करतात.

घटक चाचणीचा संविधान तक्ता (गुणांच्या वाटणीचा आराखडा, ब्लूप्रिंट) प्रश्नपत्रिकेच्या आधी करा. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे उभे रकाने आणि उपघटकांच्या आडव्या ओळी. दोन्हीकडची बेरीज एकच आली पाहिजे. बहुतेक जण प्रश्न आधी काढतात आणि मग गुण जुळवत बसतात. शेवटी उपयोजनाचा रकाना रिकामा राहतो आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारतात.

घाटमाथा

एम.ए.बद्दल. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी आणि जोडीला बी.एड. दोन्ही. म्हणून एम.ए.चा विषय, पदवीचा विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती (मेथड) एका रेषेत ठेवा. बी.ए. इतिहास, मेथड मराठी, एम.ए. समाजशास्त्र अशी खिचडी झाली तर भरतीच्या अर्जात कुठलाच रकाना धड भरत नाही.

आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे नेहमीचे पर्याय. इग्नूत स्वाध्यायांना ३० टक्के भार, सत्रांत परीक्षेला ७०. परीक्षा जून आणि डिसेंबरात. पेपर चांगला गेला तरी स्वाध्याय जमा नसेल तर तो विषय अपूर्णच राहतो. पोचपावती जपून ठेवा. प्रवेशाआधी डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक). आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही की गाडी इथेच थांबते.

एम.ए. शिक्षणशास्त्र म्हणजे एम.एड. नव्हे. एम.एड. हा एनसीटीईच्या मान्यतेचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

माण-खटाव

दोन्ही एकदम करता येतं का? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्यांना वाट दिली आहे, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे नियम लागू राहतात. बी.एड. कॉलेजकडून लेखी होकार घ्या. शिवाय मूळ टी.सी. एकच असते आणि परीक्षांच्या तारखा भिडतात. माझं मत : बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी एम.ए.ला हात लावू नका.

झेडपी शाळा

सेवेतल्यांनी प्रवेशाआधी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक लिहून घ्यावा. निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या. आपोआप होत नाही.

बी.एड. झालं म्हणजे पहिली ते पाचवीची पात्रता आली असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती वाट बंद केली. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर : १५० गुण, खुल्या गटाला ९० हवेत. प्रमाणपत्राला आता मुदत नाही, त्यामुळे बी.एड. चालू असतानाच देऊन टाका.

कृष्णाकाठ

कागदांचं राहिलं. जात पडताळणीला महिने लागतात, सीईटीच्या निकालाची वाट पाहू नका. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र जूनमध्ये चालेल असं गृहीत धरू नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत सोबत ठेवा. आणि सांगलीकरांनो, प्रवेशफेऱ्या आणि नदीचं पाणी साधारण एकाच हंगामात येतात. २०१९चा महापूर आठवा. मूळ कागद माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्यांचे स्कॅन मेलवर.